यांचा बुद्ध वेगळा

नोव्हेंबर लागला की मस्कतमध्ये दोन गोष्टी होतात. घरातला एसी पहिल्यांदा बंद होतो आणि हमरस्त्याच्या कडेला पिटुनियाची रोपं लागतात. सहा-सात महिने गच्च बंद असलेल्या खिडक्या उघडल्या, की बौशरमधल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर एकदम बाहेरचं जग आत येतं. बेकरीसमोर थांबलेल्या गाड्यांचे हॉर्न, मशिदीतली बांग, कुणाच्या तरी कुकरची शिट्टी. संध्याकाळी लोक बागेत चटया पसरतात, कोळशावर मांस भाजतात. सगळे म्हणतात, आता खरे सुखाचे दिवस सुरू झाले. मला मात्र गेली दोन वर्षं नेमका याच दिवसांत राग येतो. हवा थंड झाली, सकाळी हाताला गार वारा लागला, की दोन वर्षांपूर्वीचं क्योतोमधलं ते देवळाचं आवार आठवतं, आणि तळपायाची आग मस्तकात जाते.

रस्त्याकडेच्या त्या फुलांना पाणी पोचवणं हे माझं काम. सांडपाणी शुद्ध करून नळ्यांतून थेंब थेंब रोपांच्या मुळाशी सोडायचं, त्याचे नकाशे मी काढते. अठरा वर्षं वाळवंटात बागा जगवल्यावर, जिथे बागा आपोआप उगवल्यासारख्या दिसतात असा देश बघावा, असं मला फार वाटत होतं. आणि तो देश बुद्धाचा असावा, असंही. हे दुसरं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं.

रजेचा अर्ज घेऊन गेले तेव्हा आमचे ओमानी साहेब एवढंच म्हणाले, “यल्ला, जा. बागांचे फोटो पाठव.” प्रश्न पडले ते आपल्याच माणसांना. खालच्या मजल्यावरच्या मेघावहिनी म्हणजे आमच्या भागातल्या मराठी कुटुंबांच्या सगळ्या कार्यक्रमांचा कणा. त्यांनी तीनदा विचारलं, एकटीच? नवऱ्याशी काही बिनसलंय का, हेही त्यांनी दुसऱ्या कुणाकडून तरी विचारून घेतलं. माझा नवरा प्रकाश सोहारच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो, गुरुवारी रात्री घरी येतो आणि रविवारी पहाटे जातो. तो एकटा राहतो याबद्दल आजवर कुणाला काळजी वाटलेली नाही. बायको सोळा दिवस एकटी फिरणार म्हटल्यावर मात्र सगळ्यांना ती लागली. प्रकाशनं त्या सोळा दिवसांची रजा टाकली आणि मैत्रीला, आमच्या मुलीला, सांभाळायला घरी येऊन राहिला. वसईची माझी मैत्रीण रीटा इथल्या हॉटेलात कामाला आहे. तिनं स्वतःची पाठीवरची मोठी सॅक आणून दिली, तिचे पट्टे माझ्या खांद्यांच्या मापानं आवळले आणि म्हणाली, “परत येशील तेव्हा जरा वेगळी होऊन ये. नाहीतर जाऊ नको.”

क्योतोत मी पोचले तेव्हा पानगळ ऐन भरात होती. तिथल्या मेपलचं लाल काही आपल्या पळसासारखं पेटून उठत नाही. ते हळूहळू चढतं. एकाच फांदीवर हिरवं, पिवळं, शेंदरी, लाल अशी पानं असतात आणि कुठलं पान केव्हा सुटेल याचा नेम नसतो. सॅक वसतिगृहावर टाकायची, दुकानातून भाताचे त्रिकोणी मुटके घ्यायचे आणि दिवसभर या देवळातून त्या देवळात चालत राहायचं, असा माझा क्रम होता. बूट काढून हातात घ्यायचे. लाकडी ओसरी पायाला इतकी गार लागायची की मोज्यांतूनही बोटं आखडायची. एका बागेत बांबूची नळी होती. तिच्यात पाणी भरत जायचं, भार झाला की ती पुढे झुकून रिकामी व्हायची आणि मागे येऊन दगडावर टक् करून आपटायची. मी घड्याळ लावून बसले. दर वेळी तेवढाच वेळ. पंप नाही, व्हॉल्व्ह नाही, नुसता उतार. मला हसू आलं आणि अठरा वर्षांच्या माझ्या नकाशांची थोडी लाजही वाटली.

दुसऱ्या एका देवळात शेवाळाची बाग होती. आपण जे खरवडून फेकून देतो ते तिथे गालिच्यासारखं जपलेलं. एक म्हातारी बाई गुडघ्यांखाली चटईचा तुकडा घेऊन बसली होती आणि चिमट्यानं शेवाळातलं नको ते गवत एकेक करून उपटत होती. मी तासाभरानं परत तिथून गेले तेव्हा ती हातभरच पुढे सरकली होती. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं, हसली आणि पुन्हा कामाला लागली. तिनं मला काही विचारलं नाही. त्या देशात नऊ दिवस मला कुणीच काही विचारलं नाही. हा केवढा आराम होता, हे दहाव्या दिवशी कळलं.

दहाव्या दिवशी मी एका पांढऱ्या खड्यांच्या बागेसमोर बसले होते. त्या बागेत पाणी नसतं. खड्यांवर दाताळ्यानं रेघा ओढलेल्या असतात, त्याच लाटा. मधे चार-सहा खडक, त्यांच्याभोवती रेघांची वर्तुळं. पाण्याशिवाय पाणी दाखवणारी ती बाग मला वाळवंटातल्या माणसाला आतून कळली. मी किती वेळ बसले होते कोण जाणे. मग मागून मराठी कानावर आलं.

नऊ दिवसांत मी मराठी एक शब्द ऐकला नव्हता. फोनवर मैत्री इंग्रजीतच बोलते, प्रकाश नुसते मेसेज पाठवायचा. तो आवाज ऐकून मी वळले ती हसतच. पुण्याच्या एक साठीच्या बाई होत्या, शोभाताई. सहल कंपनीबरोबर आल्या होत्या. गटातले बाकीचे लोक दुकानात गेले होते आणि त्यांचे गुडघे दुखत होते म्हणून त्या ओसरीवर टेकल्या. फार प्रेमळ बाई. मी एकटी फिरतेय हे ऐकून त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, धाडसी आहेस म्हणाल्या, आणि पर्समधून घरच्या चिवड्याची पुडी काढून माझ्या हातात ठेवली. कढीपत्त्याचा तो वास आला आणि मला भरून आलं. कुठे असता, काय करता, मुलं किती, हे सगळं झालं. मग त्यांनी आडनाव विचारलं.

“गायकवाड.”

“गायकवाड म्हणजे बडोद्याकडचे का?”

हा प्रश्न मला नवा नाही. जन्मभर ऐकलाय. माझं आडनाव दोन्हीकडे चालतं, म्हणून आडनावानंतर हा दुसरा प्रश्न ठरलेला असतो. गाव विचारून, मामाचं आडनाव विचारून, लग्नाचा हॉल विचारून माणसं तिथेच पोचतात जिथे त्यांना पोचायचं असतं. माझे वडील परभणीला वीज मंडळात लाइनमन होते. दर बदलीच्या गावी पहिल्याच दिवशी, कुणी विचारायच्या आत, ते स्वतः सांगून टाकायचे की आम्ही बौद्ध. म्हणायचे, “आधीच सांगितलं की समोरच्याला आपल्याशी खेळ करता येत नाही.” त्यासाठी त्यांनी दोन गावांत भाड्याची खोली गमावली. एकदा अख्खा पावसाळा आम्ही सबस्टेशनच्या आवारातल्या पत्र्याच्या खोलीत काढला. पण त्यांनी सवय सोडली नाही.

आणि मी, त्यांची इंजिनिअर झालेली मुलगी, हातात चिवड्याची पुडी घेऊन, मान हलवली. हो.

“वाटलंच मला,” शोभाताई म्हणाल्या. “बोलण्यावरून कळतं हो.” मग समोरच्या पांढऱ्या खड्यांकडे बघत त्या म्हणाल्या, “किती शांत वाटतं बघ. किती स्वच्छ. नाहीतर आपल्याकडे हल्ली बुद्ध म्हटलं की काय काय डोळ्यांसमोर येतं. ते झेंडे, ते लाउडस्पीकर, ती गर्दी. यांचा बुद्ध वेगळाच आहे.”

मी चिवडा खात होते. मी थांबले नाही. त्यांच्या गटाची हाक आली, त्या उठल्या, माझ्या गालाला हात लावला आणि गेल्या.

मी आजही स्वतःला विचारते की त्या क्षणी माझ्या तोंडाला कुणी कुलूप घातलं होतं. मस्कत कितीतरी देश पलीकडे. पुणंही तसंच लांब. ती बाई मला पुन्हा कधी भेटणार नव्हती. ती माझं काहीही वाकडं करू शकत नव्हती. तरी मी हो म्हटलं. मराठी ऐकल्याचा आनंद टिकावा म्हणून म्हटलं. पाठीवरचा हात तसाच राहावा म्हणून म्हटलं. कुणाच्या मायेचा हात आपल्या पाठीवर किती वेळ राहील हे आपल्या उत्तरावर ठरतं, हे ज्यांना कधी मोजावं लागलं नाही, त्यांना हा राग कळणार नाही. आणि तो नुसता त्यांच्यावरचा राग नाही, स्वतःवरचाही आहे, म्हणून तो विझत नाही.

त्या संध्याकाळी आधीच ठरल्याप्रमाणे मी डोंगरावरच्या एका देवळात मुक्कामाला गेले. तिथे प्रवाशांना राहायला खोल्या देतात. रात्री जेवणात लाकडी ताटलीत टोफू, लोणचं, भात आणि कसलंसं गरम सूप होतं. सगळं इतकं नेमकं मांडलेलं की हात लावायला भीती वाटावी. सकाळी सहाला प्रार्थना. हाडं गोठवणारी थंडी होती. भिख्खूंचा आवाज खालच्या पट्टीत एकसारखा चालला होता, विजेच्या तारांतून येतो तसा. शब्द एक कळत नव्हता. प्रार्थना संपल्यावर वयस्कर भिख्खू एकेका पाहुण्यासमोर येऊन मोडक्या इंग्रजीत विचारपूस करत होते. माझ्यासमोर आले, कुठून आलात विचारलं. मी सांगितलं, भारतातून.

ते वाकले. बाकीच्यांसमोर वाकले होते त्याहून खाली, पुष्कळ खाली, आणि तसेच थोडा वेळ राहिले. म्हणाले, बुद्धांच्या देशातून आलात. मग विचारलं, तुमच्या घरी प्रार्थना कशी म्हणतात?

माझ्या घरी. आदल्याच दिवशी मी जे घर नाकारलं होतं, त्या घरी. मी हात जोडले आणि त्रिशरण म्हटलं, वडील म्हणायचे त्या चालीवर. तिन्ही वेळा पूर्ण केलं. एका फ्रेंच मुलानं फोटो काढला आणि नंतर मला पाठवला. त्या फोटोत मी डोळे मिटून बसलेय, खांद्यावर दोन शाली आणि नाक लाल झालेलं. लोकांना वाटतं ती भक्ती आहे. मला माहीत आहे, तो अपमान आहे. आपल्या वाट्याचा मान एक परका म्हातारा आपल्याला वाकून देतो आणि आपण तो घ्यायच्या लायकीचे उरलेलो नसतो, याइतकं खजील करणारं मी तोवर काही अनुभवलं नव्हतं.

परत आले. फोटो दाखवले. कुणाला काही सांगितलं नाही. दोन वर्षं गेली.

इथे एक सांगायला हवं. मेघावहिनींच्या बाल्कनीत मनी प्लँटशेजारी बुद्धाचं मस्तक आहे, राखाडी दगडाचं, खाली छोटं कारंजं. फर्निचरच्या दुकानातून आणलेलं. मी ज्या ज्या घरांत जाते त्यातल्या निम्म्या घरांत तसं काहीतरी असतं, सोफ्यामागे नाहीतर टीव्हीखाली. त्यानं घरात शांतता येते म्हणतात. आणि आमच्या घरी, बैठकीच्या खोलीत, वडिलांनी दिलेली बुद्धाची साधी फ्रेम आहे. पाहुणे आत येतात, नजर त्या भिंतीवर जाते आणि क्षणभर थांबते. मग ती खाली येते आणि चहाच्या कपाकडे वळते. शोभेचा बुद्ध चालतो. घरातला आला की लगेच हिशेब सुरू होतो, हे कुठले.

या वर्षी दिवाळीच्या फराळाला मेघावहिनींनी मला जपानच्या बागांवर बोलायला सांगितलं. बौशरमधल्या एका रेस्टॉरंटचा हॉल, पन्नास-साठ माणसं, पडद्यावर फोटो. मी आनंदानं तयारी केली. बांबूची नळी, शेवाळ, खड्यांची बाग. शेवटी तो प्रार्थनेचा फोटो ठेवला. आदल्या दिवशी वहिनींचा फोन आला. मी पोळ्या करत होते, म्हणून फोन ओट्यावर स्पीकरला ठेवला. त्यांनी सगळे फोटो बघितले होते, खूप कौतुक केलं. मग म्हणाल्या, “फक्त तो शेवटचा काढ ना संगीता. ते वंदना वगैरे. आपण कार्यक्रमात धर्म आणत नाही.”

मी विचारलं, दीपप्रज्वलन आहे का? म्हणाल्या, अर्थात. आरती? हो, नेहमीप्रमाणे. मग त्या स्वतःच म्हणाल्या, “ते वेगळं गं.” मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. पुन्हा बरं. पुन्हा मान हलवली, या वेळी तर समोर कुणी नसताना.

मैत्री फ्रिजपाशी उभी होती. ती आता पंधरा वर्षांची आहे. शाळेत दिवसभर इंग्रजी, त्यामुळे मराठी बोलताना शब्द शोधते. तिनं सगळं ऐकलं होतं.

“आई, ते का काढायचं? व्हाय?”

मी गॅस बंद केला आणि तिला क्योतोची ओसरी सांगितली. चिवडा सांगितला, बडोदा सांगितलं, माझी मान हलली तेही सांगितलं. मला वाटलं होतं तिला बडोद्याचा अर्थच कळणार नाही. तिनं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, “मला पण विचारतात. बसमध्ये. मी सांगते, वी आर बुद्धिस्ट. मग काही मुली बोलत नाहीत थोडे दिवस.” ती थांबली, शब्द शोधत राहिली. “पण तू... तू मोठी आहेस ना? तू कशाला हो म्हटलंस?”

तिच्या आवाजात राग होता. मला इतकी शरम वाटली नव्हती त्या भिख्खूंसमोरही. आमच्या घरात वडिलांची ती सवय एक पिढी ओलांडून माझ्या मुलीपाशी पोचली होती, आणि मधे मी होते, पुडी हातात घेऊन बसलेली. बसमध्ये तिच्याशी बोलणं बंद होतं हे तिनं मला आजवर सांगितलं नव्हतं. कशाला सांगेल? तिला काय माझ्याकडून मान कशी हलवायची ते शिकायचं होतं?

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये दीप लागला, आरती झाली, मी उभी राहिले. वीसेक मिनिटं बागांवर बोलले. लोक रंगून ऐकत होते. मग शेवटचा फोटो पडद्यावर आला, कारण मी तो काढला नव्हता. पुढच्या रांगेत मेघावहिनींनी पदर सारखा केला. मी सांगितलं की हा फोटो ज्या सकाळचा आहे, तिच्या आदल्या दिवशी मी एका भल्या बाईंना माझी जात खोटी सांगितली. का सांगितली तेही सांगितलं. शोभाताईंचं नाव घेतलं नाही, शब्द मात्र जसेच्या तसे सांगितले. म्हणाले, यांचा बुद्ध आणि आमचा बुद्ध एकच आहे. तुमच्या बाल्कनीतला आहे तो, आणि परभणीच्या पत्र्याच्या खोलीतला होता तो. आम्ही बौद्ध आहोत, आणि हे मी आता कुणी विचारायच्या आधी सांगत जाईन. माझा आवाज चढला होता. चढू दिला.

टाळ्या पडल्या, पण एकेकट्या. मग प्रश्न विचारा म्हटल्यावर एका गृहस्थांनी व्हिसाला किती दिवस लागतात ते विचारलं. दुसऱ्या बाईंनी शाकाहारी जेवण मिळतं का ते विचारलं. मी दोघांनाही उत्तर दिलं. जे बोलले होते ते जणू कुणी बोललंच नव्हतं. आपली माणसं भांडत नाहीत. ती विषय बदलतात, आणि बदललेल्या विषयाखाली आपण गाडले जातो. मेघावहिनी मला ताट देताना छान झालं म्हणाल्या आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत राहिल्या. रीटा त्यांच्या पाठोपाठ आली आणि माझ्या ताटात दोन करंज्या जास्तीच्या ठेवून गेली.

चहाच्या टेबलापाशी मी आणि मैत्री उभ्या होतो. एक पन्नाशीचे गृहस्थ बाजूला येऊन उभे राहिले. चेहरा ओळखीचा होता. निझव्यात एका कंपनीत इंजिनिअर, दर कार्यक्रमाला दीड-दोन तास गाडी चालवत बायकोला घेऊन येतात, गेल्या बारा वर्षांपासून. खुर्च्या लावायला सगळ्यांत पुढे. आडनाव पवार. ते कुठले, हे या हॉलमध्ये कुणालाच ठाऊक नसावं. त्यांच्या हातात कप होता. त्यांनी आधी डावीकडे पाहिलं, मग मागे वळून पाहिलं, मग माझ्याकडे झुकून, ओठ जेमतेम हलवत म्हणाले, “जय भीम, ताई.”

बारा वर्षं. माणूस बारा वर्षं खुर्च्या लावतो आणि दोन शब्द उच्चारायला त्याला मागे वळून बघावं लागतं. माझ्या डोक्यात पुन्हा तिडीक गेली. त्यांच्यावर नव्हे.

“जय भीम,” मी म्हणाले, पलीकडच्या टेबलावर ऐकू जाईल एवढ्या आवाजात. तिकडची बोलणी थांबली. मैत्रीनंही म्हटलं, तितक्याच मोठ्यानं. न अडखळता म्हटलेलं एकही मराठी वाक्य मी तिच्याकडून इतक्यात ऐकलं नव्हतं.

पवारांनी कप टेबलावर ठेवला. मोकळ्या झालेल्या हातानं शर्टाची कॉलर सारखी केली. मग ते दुसऱ्यांदा म्हणाले, आणि या वेळी त्यांनी मागे पाहिलं नाही.